सागाची मेढ

धानोऱ्याच्या स्टँडवर तुम्ही उतरता तेव्हा सकाळचे साडेआठ झालेले असतात. गडचिरोलीहून आलेली लाल गाडी मुरुमगावच्या दिशेनं निघून जाते आणि तिचा धूर विरला की मोहाचा वास येतो. मार्च महिना आहे. टपरीवर चहा सांगता, तेवढ्यात खिशातला फोन थरथरतो. ब्रिस्बेनहून भाचा.

‘मामा, हे घर बघतोय. १९०९ चं आहे, अख्खं लाकडी. पण एजंट म्हणतो, पाडायचं तर कौन्सिलची परवानगी लागेल. आपल्याकडे जपतात का अशी लाकडी घरं?’

सोबत फोटो. जमिनीपासून पुरुषभर उंच लाकडी खुंटांवर उभं केलेलं घर, वर जस्ती पत्रा, पुढे कठड्याचा रुंद व्हरांडा. फोटो मोठा करून बघा. प्रत्येक खुंटाच्या डोक्यावर पत्र्याची उलटी ताटली आहे. वाळवी अडवण्यापेक्षा ती उघडी पाडण्याची ही युक्ती. खालून चढणाऱ्या वाळवीला ताटलीच्या कडेला वळसा घालावा लागतो आणि तिची मातीची नळी मालकाच्या डोळ्यांना दिसते.

सातवा एडवर्ड गादीवर होता ती १९०१ ते १९१० ही वर्षं. त्या दशकात ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शहरांबाहेर अशा लाकडी घरांच्या रांगा उठल्या. राहणारे कोण? कारकून, दुकानदार, रेल्वेतले बाबू. राजवाडा म्हणावा असं त्यात काहीही नव्हतं. मौज अशी की त्यांच्या भाषेतले ‘व्हरांडा’ आणि ‘बंगलो’ हे दोन्ही शब्द इथूनच बोटीत बसून गेलेले. आज ब्रिस्बेनमध्ये जुन्या वस्तीच्या राखलेल्या पट्ट्यात १९४६ किंवा त्याआधीचं घर असेल, तर ते खुद्द मालकालाही परस्पर पाडता येत नाही. एका कारकुनाचं लाकडी घर हा सगळ्या शहराचा ठेवा ठरला आहे.

आपल्याकडे जपतात का? ‘हो’ लिहून पाठवावंसं वाटतं, पण बोट थांबतं.

चहा संपवा. मेंढा गाव इथून तीन किलोमीटर आहे, सरकारदरबारी मेंढा (लेखा). चालतच जा. फोन आत ठेवा, कारण पहिल्या वळणावर रेंज जाईल आणि दुसऱ्या वळणावर टॉवरच जाईल.

तसंच होतं. मागे वळून बघता तर झाडांच्या वर काही नाही. आणखी थोडं चाललात की विजेच्या तारा जातात. समोरून गाड्यांचा ताफा धूळ उडवत येतो, त्यात मंत्री दिसतात. थांबू नका, परतताना ते पुन्हा भेटतील. पुलाजवळच्या पाटीवर ‘जिल्हा गडचिरोली’ असतं, डोळा लवतो तोवर ‘जिल्हा चंद्रपूर’ होतं. म्हणजे २६ ऑगस्ट १९८२ मागे पडला. पुढच्या पाटीवर ‘चांदा’. १९६४ ओलांडलंत. मग पाट्याच संपतात, डांबर संपतं, राज्यंही पायाखालून सरकतात: महाराष्ट्र जातो, द्वैभाषिक मुंबई राज्य येऊन जातं, मध्य प्रदेश येतो. १९५१ च्या सुमारास एका वळणावर जमीनदार परत येतो. तुम्ही उलटे चालला आहात, म्हणून येतो. खरं तर त्या वर्षी तो गेला.

आता बैलगाडीची चाकोरी उरली आहे. डावीकडे कठाणी नदीचं खडकाळ पात्र, पाणी घोट्याएवढं. साल १९०७ धरून चला.

राजा तोच, जो भाच्याच्या घरावर राज्य करतो. पण इथं राजा म्हणजे एक नाणं. वाटेत पाटी घेऊन मोह वेचणारी बाई उभी राहते. तिच्या गळ्यात चांदीच्या रुपयांची माळ आहे, मधल्या रुपयावर दाढीवाला, उघड्या डोक्याचा एडवर्ड. व्हिक्टोरियाच्या रुपयावर मुकुट आहे, याच्या डोक्यावर काही नाही. दोन्ही एकाच दोऱ्यात. धानोऱ्यातला एडवर्डचा काळ हा एवढाच.

सरकार मात्र जवळ येत चाललं आहे. दोनच वर्षांपूर्वी, १९०५ मध्ये, चांदा आणि ब्रह्मपुरी तहसिलींतल्या जमीनदाऱ्या तोडून गडचिरोली ही नवी तहसील केली. धानोरा, मुरुमगाव, रांगी, खुटगाव, गेवर्धा ही सगळी जमीनदाऱ्यांची नावं. दक्षिणेला आलापल्लीचं सरकारी जंगल आहे, तिथला साग जगात गाजतो. इकडचं जंगल जमीनदाराचं, आणि त्यातून घरापुरतं, नांगरापुरतं लाकूड आणायचा गावाचा रिवाज. त्याला निस्तार म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गावात शिरता तो एका घराचं काम चाललेलं. बसा त्या मोहाखाली. गोंडी तुम्हाला येत नाही, पण हे काम बघून कळतं.

अंगणात साग आडवा पडला आहे. वरच्या टोकाला दोन फांद्या फुटलेला, मुद्दाम शोधून आणलेला. फांद्या वीतभर ठेवून तोडल्या की त्या बेचक्यात आडं बसतं. खिळा नको, दोर नको. अशा बेचक्याच्या खांबाला मराठीत मेढ म्हणतात. कारखान्याची, कॉलेजची, सहकारी बँकेची ‘मुहूर्तमेढ’ रोवल्याच्या बातम्या तुम्ही आयुष्यभर वाचल्यात. त्यातली मेढ कशी असते हे इतक्या जवळून आज पहिल्यांदा बघताय, कबूल करून टाका.

म्हातारा वाकस चालवतो आहे. सालीखालचं पांढरट लाकूड तो निर्दयपणे तासून काढतो. त्याला ठाऊक आहे की वाळवी खाते ती हा पांढरा भाग, आतल्या पिवळट-तपकिरी गाभ्याला ती सहसा तोंड लावत नाही. सागाच्या गाभ्यात तेल असतं, कडवट द्रव्यं असतात. तासताना जो वास सुटतो, जुन्या कातड्यासारखा, तो त्याचाच. ब्रिस्बेनच्या सुताराला पत्र्याची ताटली लागली, याचं काम झाडानंच करून ठेवलं आहे.

गाभा उघडा झाला की म्हातारा कमरेच्या उंचीवर एक खाच पाडतो. चार बोटं रुंद, दोन बोटं खोल, कोपरे अगदी काटकोनात. त्यात आडव्या दांडक्याची कूस बसणार, दांडक्याला बांबूची तट्टी बांधणार, तट्टीवर माती आणि शेणाचा लेप. भिंतीवर छपराचं ओझं येणारच नाही. सगळं ओझं मेढीवर, भिंत नुसता आडोसा. म्हणून पुरात भिंत विरघळली तरी घर उभं राहतं. तुम्ही पुढे होऊन खाचेत अंगठा घालता. कडा अजून ओल्या आहेत.

मग सहा जण मेढ उचलतात, खड्ड्यात सोडतात. जमिनीत गेलेला भाग हातभर.

हा म्हातारा घर बांधतोय त्याच्या तीनच वर्षं आधी, १९०४ मध्ये, लॉर्ड कर्झननं प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा केला. वैनगंगेकाठी मार्कंड्याची दगडी देवळं आहेत, चांद्याला गोंड राजांचा परकोट आहे; आज दोन्हीकडे पुरातत्त्व खात्याची निळी पाटी उभी आहे, आणि ते योग्यच झालं. पण आपल्याकडे वारसा हा शब्द तेव्हापासून दगडाला चिकटला तो चिकटलाच. ज्या गोंडांच्या राजानं परकोट बांधला त्यांची रयत लाकडात राहत होती, आणि लाकूड कुठल्या यादीत बसत नाही. ते कुजतं, जळतं, बदलतं. शंभर वर्षांचं झालंय याचा दाखला कसा देणार? आडं बदललं १९३० ला, गवत जाऊन कवेलू आले कधी तरी, तट्टी तर दर काही वर्षांनी नवी. म्हातारा वारला, पोरानं घर उकललं आणि चार घरं सोडून नवं उभं केलं. घर पाडलं म्हणायचं की हलवलं?

जपानी लोकांनी हा प्रश्न फार पूर्वीच सोडवून टाकलाय. इसेचं मंदिर ते दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेत नव्या लाकडात जसंच्या तसं बांधतात आणि जुनं उतरवतात. मागची खेप २०१३ ला झाली, पुढची २०३३ ला. मंदिर तेराशे वर्षांचं, लाकूड वीस वर्षांचं. आणि उतरवलेले खांब वाया जात नाहीत, ते दुसऱ्या देवळांना जातात. यासाठी तीन गोष्टी लागतात: हात, झाडं, आणि ती तोडायची मुभा. जपान्यांनी तिन्ही सांभाळल्या. मेंढ्यात हात होते, झाडंही होती.

उठा मोहाखालून. आता सरळ दिशेनं, पुढे.

वर्षं गवतासारखी वाकतात. नातू ती मेढ उपटून नव्या घरात आणतो. जमिनीत गेलेला हातभर भाग मऊ पडलाय तो तोडून टाकतो, म्हणून मेढ आखूड होते, कमरेची खाच मांडीशी येते आणि वर दुसरी पाडावी लागते. तुम्ही बघत असता. १९५१ ला जमीनदारी जाते, जंगल सरकारजमा होतं. निस्ताराची कागदावर नोंद राहते आणि हळूहळू फक्त कागदावरच राहते. सागाचं झाड आता सरकारचं. गावात जन्मलेल्या माणसाला दाराच्या चौकटीसाठीही कुणापुढे तरी उभं राहावं लागतं, नाही तर रात्री जावं लागतं. बांबू कागदासाठी ट्रकनं जातो.

थांबा. ऐंशीचं दशक. इथं घाई करून चालणार नाही.

नुकतंच ‘जंगल बचाव, मानव बचाव’चं वारं या मुलखावरून गेलंय. इंचमपल्ली आणि भोपालपट्टणमची धरणं झाली असती तर जंगल आणि गावं पाण्याखाली गेली असती. बाबा आमट्यांसह पुष्कळ जण त्याविरुद्ध उभे राहिले, धरणं अडली. त्यातून मेंढ्याची माणसं एकत्र बसायला लागली. आणि बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बसायला जागाच नाही. पूर्वी होती: गोटुल.

गोटुल म्हटलं की शहरी वाचकाच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक येते. व्हेरियर एल्विननं १९४७ मध्ये बस्तरच्या मुरियांच्या गोटुलवर जाडजूड पुस्तक लिहिलं. ते वाचलेले थोडे, त्याच्यावर कुजबुजलेले फार. ती कुजबुज बाजूला ठेवा. तुमच्यासमोर आत्ता जे उभं राहतंय ते गावाचं घर आहे. पोरांनी शिकायचं, नाचायचं, पाहुण्यांनी उतरायचं आणि गावानं निर्णय घ्यायचे ते घर. रिवाज असा की त्याचे खांब सागाचेच हवेत. म्हणून साग आणला, परवानगी न मागता. देवाच्या कामाला फूल तोडताना मागतो का आपण?

रात्री खांब उभे आहेत, छप्पर बसलंय, शेणाचा सडा अजून ओला आहे. तुम्ही एका खांबाला टेकून बसता. ढोल वाजतोय. पोरीपोरं एकमेकांच्या कमरेत हात घालून गोल फिरतात, त्यांचे पाय धुळीत एकदम पडतात आणि तो ठोका खांबातून तुमच्या पाठीत येतो.

पुढे वनखात्याची माणसं येतात आणि गोटुल पाडतात. बेकायदा लाकूड. कायदा शब्दशः वाचला तर त्यांचं चुकलं नाही. साग राखीव, तोड विनापरवाना, माल जप्त. इतकी सरळ कारवाई. तुम्ही टेकला होतात तो खांब मालाच्या यादीत एका आकड्याखाली जातो.

इथं भाच्याचा फोटो आठवतो. तिकडे लाकडी घर पाडायला परवानगी लागते. इकडे बांधायला लागत होती. साम्राज्य एकच, एडवर्डही तोच. एका टोकाला त्यानं कारकुनाला लाकडी घर दिलं, दुसऱ्या टोकाला लाकडाचं खातं दिलं. आणि राज्य गेल्यावर दोन्हीकडच्या लोकांनी आपापल्या वाट्याला आलेलं निष्ठेनं सांभाळलं.

पण मेंढा ऐकत नाही. आसपासची गावंही ऐकत नाहीत: एक पाडाल तर आम्ही आमच्या गावात बांधू, म्हणतात, आणि बांधायला लागतात. किती पाडणार? खातं मागे येतं. मेंढ्याचं गोटुल पुन्हा उभं राहतं, सागाच्याच खांबांवर. त्याच सुमारास ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा गावाच्या तोंडी बसते. गोंडीत नुसतं ‘मावा नाटे मावा राज’. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या गावाबरोबर महाराष्ट्राला माहीत झाली ती पुढच्या कामामुळे, अभ्यासगट, सर्वसहमतीचे ठराव, जंगलाची राखण यांमुळे. ते सगळं याच छपराखाली बसून झालं. वास्तूचं महत्त्व ठरवणारी तज्ज्ञ समिती आली असती तर तिनं खांबाचा घेर मोजला असता आणि वय विचारलं असतं. वय काय सांगणार? परवाच पुन्हा बांधलंय.

पुढे चला. २००६ ला वनहक्क कायदा होतो. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळतो, देशात अगदी पहिल्यांपैकी एक. आणि आता धूळ उडवत तो ताफा येतो, सकाळी चुकवलेला: २७ एप्रिल २०११, केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण. बांबूच्या वाहतुकीच्या परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देतात. ज्या कागदासाठी गाव दुसऱ्यांच्या दारात उभं राहत होतं तो आता गावच फाडून देणार.

गर्दीत उभे आहात तर एक बारीक गोष्ट ऐकून ठेवा. कायद्यानं बांबू गौण वनोपजात धरला. साग नाही धरला. तट्टी गावाची झाली, मेढीचा प्रश्न अजून निस्ताराच्या धूसर पट्ट्यातच. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी याच भागातला साग बल्लारपूरहून पूजा करून, मिरवणूक काढून निघाला. झाडीपट्टीतल्या माणसाला अभिमान वाटलाच पाहिजे, मलाही वाटला. लाकडाला वारसा मानायची दृष्टी आपल्यापाशी आहे तर. लाकूड जिल्ह्याबाहेर पोचलं की ती उघडते.

तारा परत येतात, मग टॉवर. तुम्ही आजच्या मेंढ्यात उभे आहात, उन्हाचा चटका वाढलाय. गोटुल आहे जागेवर.

परतताना रस्त्यालगतच्या एका गावात नव्या घरकुलापाशी थांबता. विटांच्या भिंती, वर स्लॅब, पंचवीस चौरस मीटर. पंतप्रधान आवास योजनेत अशा दुर्गम जिल्ह्यांसाठी एक लाख तीस हजार मिळतात. कागदावर जुनं घर ‘कच्चं’ आणि हे ‘पक्कं’. कुणी हौसेनं मोडलं असेल जुनं, कुणी यादीत नाव यावं म्हणून. यात नाक मुरडायचं काम नाही. मातीच्या घरात साप निघतो, पावसाळ्यात कवेलू फेरायला माणूस मिळत नाही, हे पुण्या-नागपुरात बसून वारशावर लिहिणाऱ्याला (म्हणजे मला) कुणीतरी सांगायलाच हवं. मात्र मे महिन्यात त्या स्लॅबखाली दुपारी कोणी बसत नाही. सगळे बाहेर, पुढं काढलेल्या सपरीत. सपरी लाकडाची आहे.

आजी मोहाची फुलं वाळत घालतेय.

‘कोठून आले जी?’

‘नागपूरहून.’

‘बसा. पानी घ्या.’

पाणी पिता पिता तुमची नजर बाजूला जाते. घरकुलाच्या भिंतीला टेकवून जुन्या घराचं लाकूड रचून ठेवलंय, वर फाटकी ताडपत्री. वासे, पाट्या, आणि एक मेढ. बेचकं गुळगुळीत झालेलं, रंग राखेसारखा. ‘खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत’ म्हणतात, तरी तुम्ही उठता आणि हात लावता. वरचा करडा थर नखानं खरवडला तर आत तपकिरी, आणि नाक जवळ नेलं की जुन्या कातड्याचा वास. कीड नाही.

‘इकत मांगाले आलते दोघं,’ आजी सांगते. ‘देल्लं नाही. नाक्यावर कागद मांगतेत. अन् देऊन करू काय? पोराच्या पोराले घर लागन तवा लागन.’

खालच्या बाजूला एक रिकामी खाच आहे. चार बोटं रुंद, दोन बोटं खोल, कोपरे काटकोनात. तुम्ही अंगठा घालता. बसतो.

फोन काढता. रेंज आहे. घराचा फोटो काढत नाही, खाचेचाच काढता, अगदी जवळून, अंगठा बाजूला ठेवून, आणि पाठवता. तिकडे ब्रिस्बेनला दुपार झालेली. दोन निळ्या खुणा लगेच येतात.

‘मामा, हे भोक कशाचं?’

आजीला विचारता. ती उठून येते, खाचेत बोट फिरवते. ‘हे माह्या सासऱ्याच्या बापाच्या घरचं,’ म्हणते. मग हातभर वरच्या दुसऱ्या खाचेवर बोट ठेवते. ‘हे सासऱ्याचं.’ आणि त्याच्याही वर तिसरी आहे, कालपरवापर्यंत वापरातली. तिच्यात तिचा नातू सध्या कपडे वाळत घालायची तार खोचतोय.